पाळीच्या आधी वाढलेलं वजन: वहीत कसं लिहायचं, कसं वाचायचं

डाएट सुटतं ते बहुतेक वेळा पाळी यायच्या आधीच्या आठवड्यात. जळगावात आमच्या कॉलनीतल्या आम्ही नऊ-दहा जणी सकाळी एकत्र फिरायला जातो. गेल्या चार वर्षांत यातल्या जवळजवळ प्रत्येकीने कधी ना कधी वजन उतरवायला घेतलं. ज्यांनी मध्येच सोडलं त्यांना कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "तीन आठवडे नीट केलं, तरी वजन वाढलंच." शेजारच्या वहिनींनी तर एकदा मला गेटपाशीच धरलं. "वजन वाढी गयं व माय! सव्वा किलो! रातले एकच भाकर खादी मी." डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. मी विचारलं, "वहिनी, तारीख कधी आहे तुमची?" त्यांनी बोटांवर मोजलं, थांबल्या, आणि म्हणाल्या, "परवा."

त्या सव्वा किलोचं उत्तर त्या 'परवा'मध्ये होतं. मला स्वतःला हे कळायला वर्ष लागलं. त्या वर्षात दर महिन्याला तेच होत राहिलं: पाळीच्या चार दिवस आधी काटा चढायचा, मी रात्रीचं जेवण बंद करायची, तिसऱ्या दिवशी भुकेने जीव कासावीस व्हायचा, मग समोर येईल ते खायचं आणि पुढचे पंधरा दिवस काट्याकडे बघायचंच नाही. वजन कमी करायला नुकतीच सुरुवात केलेल्या बायकांचं, मुलींचं ते वर्ष वाया जाऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी हिशेब करून बघा

काट्यावर उभं राहिलं की चरबी, हाडं, मांस, रक्त, पोटातलं अन्न, आतड्यातला मळ आणि अंगातलं पाणी असं सगळं एकत्र मोजलं जातं. दोन मोठे पेले पाणी पिऊन लगेच उभं राहा, अर्धा किलो वाढलेलं दिसेल. बद्धकोष्ठ झालं असेल तर अर्धा किलो तसाच पोटात बसलेला असतो. आपल्याला उतरवायची असते चरबी, आणि काटा तर सगळ्यांचीच बेरीज सांगतो.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. समजा शुक्रवारी सकाळी वजन ७० किलो होतं आणि रविवारी सकाळी ७१.४ झालं. हे १.४ किलो चरबीचे असतील तर रोजच्या खर्चावर दोन दिवसांत जवळपास १०,८०० कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. ज्वारीची आपली जाड, ७० ग्रॅम पिठाची भाकरी धरली तर तिच्यात साधारण २४० कॅलरी. म्हणजे रोजच्या जेवणावर आणखी ४५ भाकरी! एवढ्या भाकरी घरात कोणी थापल्या आणि कोणी खाल्ल्या? दोन दिवसांत आलेलं वजन असं भाकरीत मोजलं की मन आपोआप शांत होतं. वहिनींना मी गेटवर उभ्या उभ्या हाच हिशेब सांगितला होता.

आणखी एक गोष्ट नवीन माणसाला फसवते. आपलं शरीर पिष्टमय पदार्थांचा थोडा साठा ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळजवळ तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात-भाकरी कमी केली की पहिल्या आठवड्यात हा साठा घटतो, त्याच्याबरोबर पाणी जातं आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. तेव्हा आपण हरखून जातो. मग एखाद्या दिवशी खापराचे मांडे आणि रस झाला की साठा भरतो, पाणी परत येतं आणि आपण घाबरतो. पहिल्या आठवड्यातला आनंद आणि मांड्यांनंतरची भीती, दोन्ही बऱ्याच अंशी पाण्याच्याच.

महिन्याच्या चक्रात वजन कसं हलतं

रक्तस्राव सुरू होतो तो दिवस पहिला धरायचा. तिथपासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र. २८ दिवसांचं म्हणतात, पण २१ ते ३५ दिवसांपर्यंतचं चक्र मोठ्या बायकांमध्ये नेहमीचंच आहे. चक्राच्या साधारण मध्यावर बीज सुटतं आणि त्यानंतरच्या १२-१४ दिवसांत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. त्याची आणि इस्ट्रोजेनची ही चढउतार मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावते. शिवाय प्रोजेस्टेरॉनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून त्या दिवसांत पोट फुगतं आणि साफ होत नाही. पाळी सुरू झाली की गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. ती आतड्यांनाही हलवतात, म्हणून कित्येकींना पहिल्या दिवशी दोन-तीनदा संडासला जावं लागतं.

याचा काट्यावरचा परिणाम अर्ध्या किलोपासून दोन किलोपर्यंत असू शकतो. काहींना काहीच जाणवत नाही. माझं स्वतःचं साधारण सव्वा किलो वाढतं, माझ्या जाऊबाईंचं पाऊण किलो, आणि आमच्यातल्या एका ताईंचं दोन किलो. खूप जणींना वाटतं की पाळी आली की त्याच दिवशी वजन उतरायला हवं. तसं होत नाही. पहिल्या दिवशी पाणी सर्वांत जास्त धरलेलं असू शकतं. उतार लागतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, आणि सहाव्या-सातव्या दिवसाच्या आसपास काटा बऱ्यापैकी खरं बोलायला लागतो. बीज सुटण्याच्या सुमारास काहींना एक छोटा चढही दिसतो, दोन-तीन दिवसांचा.

काटा नसला तरी पाणी धरल्याची खूण अंगावर दिसते. माझी खूण जोडव्यांची. एरवी जोडवं बोटात सहज फिरतं. पाळीच्या चार दिवस आधी ते जागचं हलत नाही, आणि संध्याकाळी काढलं की खाली लालसर खोल वळ दिसतो. कोणाला बांगड्या घट्ट होतात, कोणाच्या ब्लाऊजचा खालचा हूक लागत नाही, कोणाची छाती दुखरी होते. तुमची खूण कोणती ते दोन महिने नीट बघा. ती एकदा ओळखता आली की काट्यावर चढायच्या आधीच तुम्हाला कळेल तो आज काय दाखवणार आहे.

वजन कसं करायचं

यात फार काही नाही, फक्त नियम मोडायचे नाहीत. सकाळी उठल्यावर, संडास-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत. काटा रोज एकाच जागी. जुन्या घरात शहाबादी फरशी असेल तर तिच्या उंच-सखलपणामुळेही आकडा बदलतो. सर्वांत सपाट फरशी शोधून तिच्यावर खडूने खूण करा आणि काटा तिथेच ठेवा. मेडिकलच्या दुकानातल्या, जिमच्या आणि घरच्या काट्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका.

रोज करायचं की आठवड्यातून एकदा? माझं मत रोज, पण ज्या बाईचा दिवस त्या आकड्यावर ठरतो, आकडा वाढला की जी मुलांवर चिडते आणि जेवण टाकते, तिने रोज करू नये. तिने प्रत्येक चक्रात दोनदाच करावं: पाळीच्या सातव्या आणि आठव्या दिवशी. ज्यांना आधी कधी खाण्याबाबत टोकाचं वागण्याचा त्रास झालेला आहे, उलट्या काढणं किंवा दिवसदिवस उपाशी राहणं, त्यांनी काटा घरात ठेवूच नये. तो डॉक्टरांकडेच बरा.

वहीचं पान

मोबाईलवर ॲप आहेत, वापरा हवं तर. मला वही बरी वाटते, कारण तिच्यात मनातलं चार शब्दांत लिहिता येतं. चार रकाने आखा. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात चक्राचा दिवस, तिसऱ्यात वजन, चौथ्यात 'काय वेगळं झालं' ते. हा चौथा रकाना कोणी लिहीत नाही, आणि खरं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. माझ्या वहीतल्या नोंदी अशा आहेत: 'रात्री शेवभाजी बाहेर', 'संडास नाही, दुसरा दिवस', 'पापड केले', 'झोप चार तास', 'जोडवं घट्ट'. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला गोल करायची सवय आपल्याकडे बहुतेक घरांत आहेच. वहीचं काम तिथूनच सुरू होतं.

'पापड केले' ही नोंद समजावून सांगते. मागच्या वर्षी चैत्रात आम्ही चौघी-पाच जणींनी मिळून दहा किलो उडदाचे पापड केले. पापड लाटताना लाट्या खाल्ल्या जातातच, तेल लावून, आणि त्यांत मीठ आणि पापडखार भरपूर असतो. मी किती खाल्ल्या ते मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा ९०० ग्रॅमने वर, आणि चक्राचा दिवस होता पंचविसावा. पाळीच्या आधीचं पाणी आणि लाट्यांचं मीठ एकावर एक चढलं होतं. वहीत दोन्ही लिहिलेलं असल्यामुळे मी त्या दिवशीही नेहमीसारखं जेवले. पाळीच्या पाचव्या दिवसापर्यंत तो सगळा फुगवटा उतरला.

वही कशी वाचायची

ही पायरी सर्वांत महत्त्वाची. कालच्या आकड्याशी आजचा आकडा ताडू नका, मागच्या आठवड्याशीही नको. या चक्राचा सातवा दिवस मागच्या चक्राच्या सातव्या दिवसाशी, आणि सत्ताविसावा सत्ताविसाव्याशी. चक्र लहान-मोठं होत असेल तर पाळीच्या पुढचे दिवस असेच मोजा, आणि पाळीच्या आधीचे दिवस उलटे: 'पाळीच्या दोन दिवस आधी'ची तुलना 'पाळीच्या दोन दिवस आधी'शी.

उदाहरण घेऊ. एका बाईच्या पहिल्या चक्रातले आकडे: पहिला दिवस ७१.८, सातवा ७०.४, चौदावा ७०.१, एकविसावा ७०.३, सत्ताविसावा ७१.२. ती सातव्या दिवसाचा ७०.४ आणि सत्ताविसाव्याचा ७१.२ शेजारी ठेवते आणि म्हणते, वीस दिवस मर मर मरून ८०० ग्रॅम वाढलं! बहुतेक जणी इथेच सोडतात. तिने सोडलं नाही असं धरा. दुसऱ्या चक्राचा सातवा दिवस आला ६९.२ आणि सत्ताविसावा ७०.१. आता सातवा सातव्याशी ठेवा: १.२ किलो कमी. सत्ताविसावा सत्ताविसाव्याशी ठेवा: १.१ किलो कमी. दोन्ही उत्तरं एकमेकांशी जुळतात. तिची चरबी सगळा वेळ उतरतच होती, वर आलेल्या पाण्याने ती दिसू दिली नाही.

हा झाकण्याचा प्रकार नीट ध्यानात घ्या. सुरक्षित वेगाने वजन उतरवणारी बाई आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरवते, कित्येकदा त्याहूनही कमी. पाळीच्या आधीचं पाणी सव्वा-दीड किलोचं असेल तर ते तीन आठवड्यांची मेहनत काही दिवस अख्खी झाकून टाकू शकतं. म्हणून नवीन माणसाने कुठलाही निकाल दोन चक्रं पूर्ण होईपर्यंत काढू नये. एका महिन्यात तुलना करायला काही हातात नसतं. दुसऱ्या महिन्यात असतं, आणि तिसऱ्यात तर वाट स्वच्छ दिसते.

सोबत टेपने कंबर मोजा, बेंबीच्या रेषेत, फक्त सातव्या दिवशी. पाळीच्या आधी पोट फुगलेलं असताना मोजून उगाच जीवाला घोर लावून घेऊ नका.

त्या आठवड्यात काय खायचं

भूक वाढते, ती खरी असते. बीज सुटल्यानंतरच्या काळात शरीर थोडी जास्त ऊर्जा खर्च करतं, अंगाचं तापमानही ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढलेलं असतं. वैशाखात आमच्याकडे पारा ४४-४५ वर गेलेला असताना तर त्या दिवसांत अंगाची लाही होते. ही भूक दाबून ठेवली की ती रात्री साडेदहाला फरसाणाच्या डब्यावर निघते. मी त्या पाच-सहा दिवसांत रोज दीड-दोनशे कॅलरी मुद्दाम वाढवते आणि काय खायचं ते आधीच ठरवते: दुपारी मूठभर फुटाणे आणि एक केळं, किंवा संध्याकाळी एक वाटी मोड आलेली मटकी कांदा-लिंबू घालून. सहा दिवसांचे मिळून हजार-बाराशे कॅलरी होतात, म्हणजे चरबीच्या हिशेबात फार तर दीडशे ग्रॅम. रात्रीचा फरसाणाचा डबा याहून महाग पडतो.

मिठाकडे मात्र या आठवड्यात डोळ्यांत तेल घालून बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं, म्हणजे सपाट चमचाही पुरता नाही. आपल्या खानदेशी ताटात मीठ कुठून कुठून येतं ते मोजा. कळणा, म्हणजे भाकरीसाठीचं ज्वारी-उडदाचं पीठ, दळतानाच आम्ही त्यात खडेमीठ टाकतो. वर ठेचा, लोणचं, बिबडे, पापड. शेवभाजीत रश्श्याचं मीठ वेगळं आणि शेवेचं वेगळं. भंडाऱ्यातल्या बट्टी-वरणात खार असतो, वरणात मीठ असतं, आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीत पुन्हा. यातलं काहीच कायमचं सोडायला मी सांगणार नाही, ते सांगणारा सल्ला चार दिवस टिकतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात एवढंच करा: ताटात लोणचं, पापड आणि ठेचा यांपैकी एकच, आणि शेवभाजी त्या आठवड्यात नको, पाळीनंतर खा. भरीत चालेल, त्यात मीठ आपल्या हातात असतं. फक्त तेलावर लक्ष ठेवा, भरीताच्या पार्टीत ते वाहत असतं.

पाणी कमी पिऊन अंगातलं पाणी कमी होत नाही. उलट बद्धकोष्ठ वाढतं आणि उन्हाळ्यात चक्कर येते. पाणी नेहमीसारखं, कमी मिठाचं ताक, पालेभाजी, काकडी, सालासकट डाळी. केळ्यात पोटॅशियम असतं, ते सोडियम बाहेर टाकायला मदत करतं, आणि केळ्याला आपल्याकडे काय तोटा? फक्त मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर केळी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट कळवळून सांगते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पाळीत दर महिन्याला रक्त जातं, आणि वर डाएट म्हणून आपण डाळ, भाजी, भाकरी सगळंच अर्धं करतो. सुरुवात करायच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. ताटातून कमी करायचं ते तेल, साखर, मैदा. बाजरी, डाळ, हरभरा, पालेभाजी कमी करायची नाही. त्यावर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्याने अन्नातलं लोह अंगी कमी लागतं.

उपास, व्यायाम, गोळ्या

चतुर्थी, एकादशी, हरतालिका पाळीच्या आधीच्या आठवड्यात आली की काट्यावर विचित्र आकडे येतात. निर्जळी केली तर दुसऱ्या सकाळी किलोभर कमी, पारण्याचं जेवण झालं की त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं परत. साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले वेफर खाऊन केलेल्या उपासाने तर उलटं वाढतं. उपास श्रद्धेने करा, वजनासाठी त्याचा आधार घेऊ नका, आणि उपासाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे आकडे वहीत कंसात लिहा.

नवा व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत काही दिवस पाणी साठतं. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाऊन आलेल्या बायकांचे पाय सुजलेले असतात आणि एवढं चालूनही वजन वाढलेलं दिसतं, ते यामुळेच. आठवडा जाऊ द्या. पाळीच्या दिवसांत चालायला काही हरकत नाही, बऱ्याच जणींना त्याने पोटदुखी हलकी वाटते. फार त्रास होत असेल तर विश्रांती घ्या, चार दिवसांनी काही बिघडत नाही.

आता गोळ्या. कानबाईचे रोट (आमच्याकडचा श्रावणातला सण), घरचं लग्न, देवदर्शन, काही असलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, कित्येकदा मेडिकलमधून परस्पर. त्या गोळ्या संप्रेरकाच्या असतात. त्यांनी पोट फुगतं, अंग जड होतं आणि पाळी लांबल्यामुळे वजनाचं गणित दोन-तीन आठवडे बिघडतं. तो काळ वहीत वेगळा ठेवा, तुलनेत घेऊ नका. काट्यापेक्षा मोठी बाब म्हणजे, ज्यांना रक्ताच्या गुठळीचा त्रास होऊन गेला आहे, यकृताचा आजार आहे किंवा अर्धशिशी आहे, त्यांना या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तुमच्या वजनाची लय वर लिहिलंय त्याहून वेगळी असू शकते, ती तुमच्या वहीतूनच कळेल.

लघवी जास्त व्हायच्या गोळ्या आणि जुलाबाची औषधं वजनासाठी घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. लग्न ठरलं की हे जास्त होतं. त्यांनी एक ग्रॅम चरबी जात नाही. पाणी आणि क्षार जातात, आणि क्षार फार खाली गेले तर हृदयाचे ठोके बिघडतात. घरातल्या मोठ्या बायकांना माझं सांगणं आहे: मुलीच्या कपाटात अशी पाकिटं दिसली तर ओरडू नका, पण तिला एकटं सोडूही नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जा.

पाळीचा नेम नसेल तर

पीसीओएस (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल, बाळ अंगावर पीत असेल किंवा पाळी जाण्याचं वय जवळ आलं असेल तर दिवस मोजून तुलना जमत नाही. अशांनी सलग सात दिवसांची वजनं मिळवून सातने भागावं आणि ती सरासरी लिहावी. चार-पाच आठवड्यांच्या सरासऱ्या एकाखाली एक ठेवल्या की कल दिसतो. पाळी आली की तारीख लिहायचीच, कितीही अनियमित असली तरी. बाळ अंगावर पीत असताना कडक डाएट नको, हेही इथेच सांगून ठेवते.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं

पाळीचं पाणी पाळी झाल्यावर उतरतं, ही त्याची ओळख. सातव्या-आठव्या दिवसाचे आकडेच तीन चक्रं सतत वाढत असतील आणि खाण्यात काही बदल नसेल, तर थायरॉइड तपासायला हवं. चेहऱ्यावर किंवा दोन्ही पायांवर न उतरणारी सूज, दम लागणं, लघवी कमी होणं, या गोष्टींचा पाळीशी संबंध लावत बसू नका, लगेच दाखवा. एकच पाय सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी. पाळी चुकली आणि गरोदरपणाची शक्यता असेल तर डाएट थांबवून आधी चाचणी करा. डाएट सुरू केल्यावर पाळी तीन महिने आलीच नाही तर ते फार कमी खाल्ल्याचं लक्षण असू शकतं. वजन उतरतंय म्हणून तिथे खूश होऊ नका, पाळी थांबली की पुढे हाडं ठिसूळ व्हायला लागतात. तासातासाला पॅड बदलावं लागणारा रक्तस्रावही थांबून बघण्यासारखा नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांत मन इतकं खचत असेल की जगणं नकोसं वाटतं, तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यावर उपचार आहेत.

जाताना वही सोबत न्या. शेवटच्या पाळीची तारीख विचारली की आपण अंदाजाने सांगतो आणि हमखास चुकतो. वहिनींना मध्ये थायरॉइडच्या तपासणीला जायचं होतं तेव्हा त्यांनी पाच महिन्यांची पानं डॉक्टरांपुढे ठेवली. चौथ्या रकान्यात त्यांनी अहिराणीत लिहिलेलं होतं, ते डॉक्टरांनी मोठ्याने वाचून घेतलं.